घाटातली हाक

"जत्रेला यायचं तर पोट मोठं आणि तोंड लहान ठेव," असं मैत्रिणीनं मला हॉस्टेलवरच बजावलं होतं. त्यातलं पहिलं जमलं.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. तिचं गाव आळे गावाच्या अलीकडे. नारायणगावला एसटीतून उतरले आणि शेअर जीपमध्ये शिरले. शिरले म्हणजे कोंबली गेले. मांडीवर कुणाचा तरी बांगड्यांचा खोका, पायाशी कोंबडी, आणि ड्रायव्हर दाराला लटकून ओरडतोय, "सरका थोडं, अजून दोगं बसत्याल!" चैत्रातल्या उन्हात सगळे जत्रेलाच निघाले होते, त्यामुळे कुणी कुरकुरत नव्हतं. मी तेवढी कुरकुरले.

घरी पोचले तर अंगणात पंगत बसलेली. एक उठली की दुसरी. ओळखीचा असो, बिनओळखीचा असो, जत्रेच्या दिवशी दारावरून जाणाऱ्याला हाताला धरून बसवायचं आणि पुरणपोळी वाढायची, ही तिथली रीत. मी तीन घरी जेवले. चौथ्या घरासमोरून अक्षरशः पळाले.

या सगळ्या पोळ्या लाटत होती मैत्रिणीची वहिनी. पहाटेपासून चुलीपुढे. मी गप्पा मारायला जवळ बसले, तर तिनं दबक्या आवाजात विचारलं, "ताई, तुमी घाटात जानार का गाडं बघाया?"

"जाणार की! तुम्ही सांगा ना, कसे पळतात बैल?"

"मला काय ठावं? मी कुटं पायलंय."

मला वाटलं, थट्टा करतेय. कारण शर्यतीचा बैल याच घरचा होता. दादा, म्हणजे तिचा नवरा, त्याला घाटात पळवायचा. पण वासरू असल्यापासून त्याला वाढवला होता वहिनीनं. कणकेचे गोळे, दूध, अंडी, सगळा खुराक तिच्या हातचा. संध्याकाळी घमेलं घेऊन ती "आलं रं माज्या राजा!" अशी हाक मारायची आणि बैल दाव्याला हिसका देऊन उभा राहायचा. मैत्रिणीनं हॉस्टेलवर कितीदा तरी सांगितलं होतं ते. आणि हा राजा पळतो कसा, हे तिनं एकदाही पाहिलेलं नव्हतं.

"बायकांना बंदी आहे का?" मी मैत्रिणीला विचारलं.

"बंदी कसली? जात नाहीत एवढंच."

मग मी तोंड मोठं केलं. मैत्रिणीच्या आईपुढे जाऊन म्हणाले, "मला घाट बघायचाय आणि वहिनी बरोबर हव्यात." आईंनी पोळ्यांच्या ढिगाकडे पाहिलं, बाहेरच्या पंगतीकडे पाहिलं, माझ्याकडे तर पाहिलंच. पण जत्रेच्या दिवशी पाहुणीला नाही कसं म्हणायचं? "जा गं बाय, एक बारी बघून लगीच ये," त्या म्हणाल्या, आणि लाटणं माझ्या मैत्रिणीच्या हातात गेलं. तिनं माझ्याकडे टाकलेली नजर मला अजून आठवते.

घाट म्हणजे चढाची, दोन्ही बाजूंनी माणसांनी भरलेली पट्टी. आम्ही वरच्या टोकाजवळ उभ्या राहिलो. भंडारा उधळला जात होता, माईकवाला थांबायला तयार नव्हता. वहिनीनं पदर दातात धरला होता. दादाची बारी, म्हणजे गाडा पळवायची पाळी, पुकारली आणि तिनं माझं मनगट असं आवळलं की माझ्या दोन बांगड्या फुटल्या.

खाली "भिर्रर्र!" झालं. पुढे वाट दाखवणारी घोडी, मागे गाड्याचे चार बैल, त्यामागे धुरळा. त्यातले तीन भावकीतल्यांचे, तेही चांगले होते, पण आमचा काही औरच पळत होता. मान खाली, शेपूट वर. वहिनी आधी हसली, मग रडायलाच लागली आणि मग, तिच्याही नकळत असणार, खच्चून ओरडली, "आलं रं माज्या राजा!"

बैलानं कान टवकारले आणि चारही पाय रोवले. बाकीचे तिघे फरफटले, गाडा आडवा झाला, माणसं एकमेकांच्या अंगावर पडली. कुणाला लागलं नाही, एका पाहुण्याचं धोतर तेवढं फाटलं. आमचा राजा मात्र निशाण हातभर राहिलेलं असताना जोखडातून निसटून, गर्दीतून वाट काढत वहिनीपाशी आला आणि तिचे रिकामे हात चाटू लागला.

"गाडा बाद!" माईकवाला ओरडला. "आन् माउली, खुराक घरी देत जावा!"

सगळा घाट हसला. मी मात्र दादाला शोधत होते. दादानं वर्षभर याच एका बारीची वाट पाहिली होती, आणि वहिनीला इथं मी आणलं होतं. तो धुळीनं माखलेला, ओठ मिटून, चढ चढत येत होता. मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. त्यानं हातानंच गप्प केलं.

तो बैलाकडे बघत राहिला. मग बायकोकडे. मग हातातला कासरा तिच्यापुढे धरून म्हणाला, "घे, आता तूच धर. आमचं कुनाचं ऐकंना त्यो."

वहिनीनं कासरा घेतला. मला वाटलं होतं ती घाबरेल, माफी मागेल. ती बैलाच्या कपाळावरचा भंडारा पुसत होती आणि तिचा चेहरा असा फुलला होता की जणू पहिला नंबर आला. माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "ताई, ह्या घरात आल्यापासनं आज पयल्यांदा माज्या हाकंला कुनीतरी थांबलं."