रुखवतातली वाटी

सोजरबाई मूळच्या मंद्रूपच्या. सोलापुरात गिरणीच्या चाळीत राहायला येऊन त्यांना बरीच वर्षं झाली होती, पण आवाज रानातलाच राहिला. एका बांधावरून दुसऱ्या बांधाला हाक मारावी तसं त्या शेजारणीकडे मीठ मागत. अशी ही बाई एकाच माणसापुढे मऊ होई, ते म्हणजे त्यांची सून वच्छला.

मुलगा जोतीराम तापाने गेला तेव्हा वच्छला माहेरी, करकंबला निघून जाईल असंच सगळ्यांनी धरलं होतं. ती गेली नाही. पदर खोचून गिरणीत सूत गुंडाळायच्या खात्यात कामाला लागली. ते काम दिवसभर उभ्यानेच करायचं. संध्याकाळी भोंगा झाला की पोर घरी येई ती भिंत धरधरूनच. तळपायांची नुसती आग होई. मग पाय ओल्या फरशीवर टेकवून बसून राही. रात्री डोळ्याला डोळा लागत नसे.

तिचा भाऊ मानसिंग येऊन हे सगळं बघून गेला आणि जाताना स्पष्टच बोलला, "दिवाळीला न्यायला येतो. ही पोर अशानं टिकायची न्हाय."

आपलं घर कुणाच्या पायांवर उभं आहे, हे सोजरबाईंना पक्कं ठाऊक होतं. पोरीने राहावं असं वाटे, आणि तसं वाटतं याची लाजही वाटे.

एका संध्याकाळी वच्छला भिंतीला टेकून जरा पेंगत होती. सोजरबाईंनी हातावर खोबरेल घेतलं आणि तिचा तळपाय चोळायला सुरुवात केली. वच्छला दचकून जागी झाली. सासूच्या मांडीवर आपला पाय बघून तिला रडूच फुटलं.

"आत्याबाई, कुटं फेडू हे पाप?" म्हणत तिने सासूच्या पायांवर डोकं ठेवलं आणि त्या दिवशी जेवली नाही. मग सोजरबाईंच्याही घशाखाली घास उतरला नाही. चांगलं करायला गेल्या आणि भाकरी तशीच टोपलीत राहिली.

पण त्या हार मानणाऱ्यातल्या नव्हत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी फळीवरची काशाची वाटी काढली. वच्छलाच्या लग्नात रुखवतात आलेली, करकंबची. मंद्रूपला म्हाताऱ्या माणसांचे तळपाय असल्याच वाटीने घासत. अंगातली उष्णता उतरते म्हणत.

"तेल तुजं तू लाव," त्या म्हणाल्या. "मी फकस्त वाटी फिरवती. माजं बोट लागत न्हाय. वाटी तुज्या माहेरची. माहेरानं लेकीचं पाय चोळलं तर पाप लागतं व्हय?"

पोटाशी ओढून धरलेले पाय वच्छलाने हळूहळू पुढे केले.

वाटी फिरू लागली, टाचेपासून बोटांपर्यंत, मग मधल्या खळग्यात गोल गोल. चुकून नख लागायला नको म्हणून सोजरबाईंनी ती पदरात धरली होती. वाटीखालचं तेल काळं होत गेलं. ते दाखवून त्या म्हणाल्या, "बग, गिरणी निगाली की न्हाय बाहेर?" वच्छला हसली, आणि हसता हसता तिला जांभई आली. त्या दिवशी ती झोपली ती एकदम सकाळच्या भोंग्यालाच उठली.

मग ते रोजचंच झालं. शेजारची विणकरीण सुंदरम्माही पाय धुऊन दारात हजर होऊ लागली. तिला पापपुण्याची काही अडचण नव्हती. ती खुशाल पाय पसरून घोरत पडे.

दिवाळीला मानसिंग आला. बहिणीचा उजळलेला चेहरा बघून जरा घुटमळला, तरी म्हणाला, "चल, बोचकं बांध."

"दादा, मला हितं झोप लागती," वच्छला म्हणाली.

चुलीपाशी बसलेल्या सोजरबाईंच्या हातातली फुंकणी तशीच राहिली. डोळे पुसायला धुराचं निमित्त होतंच.

मानसिंग जेवून एकटाच परत गेला. संध्याकाळी वच्छला पायांना तेल लावून बसली आणि वाटी फिरता फिरता तिचे डोळे मिटले. तिचा श्वास संथ झालेला बघून सोजरबाईंनी वाटी अलगद खाली ठेवली. आपले दोन्ही हात त्या भेगाळलेल्या पावलांवर ठेवले आणि पुटपुटल्या, "पोरी, तुजं लई उपकार हायत माज्यावर."

पायाचा अंगठा किंचित हलला. वच्छला झोपलेली नव्हती. सोजरबाई चपापल्या, पण वच्छलाने पाय मागे घेतले नाहीत.