मिणच्याचे पैलवान

ताक, तेल आणि हळद मुरलेल्या लाल मातीचा वास आला की मला आमच्या तालमीतली ती सकाळ आठवते. शेजारचे मास्तर मोबाइलवर बातमी वाचत होते. म्युनिकच्या ऑलिंपिकात अतिरेक्यांनी मारलेल्या ज्यू खेळाडूंची कुठंतरी आठवण जागवली होती. त्यांत पैलवान होते, त्यांचे वस्तादही होते. आमचे वस्ताद कानानं मंद. हातातलं खोरं टाकून ओरडले, “मिणच्याचं पैलवान मारलं? माझी सासुरवाडी हाय तिथं!” “मिणचे न्हवं, म्युनिक! जर्मनीत!” मास्तर त्यांच्या कानात ओरडले, “आन् पन्नास वर्षं झाली त्याला!” वस्ताद हळहळले. “मग आपल्याला आजच कळलं म्हणायचं,” म्हणाले आणि कुस्तीच्या मातीच्या हौद्याचं दार लावायला निघाले. पैलवान गेल्याचं कळलं की त्या दिवशी मातीत उतरायचं नाही, ही आमच्या तालमीची रीत. आमचा रेड्यासारखा दांडगा गडी रडकुंडीला आला. “वस्ताद, ते आपलं कोण लागत्यात? माझी उद्या जत्रंत कुस्ती हाय की!” मास्तरांनी मोबाइलमध्ये पुढं वाचलं आणि हळूच म्हणाले, “त्यातल्या एका कोवळ्या पोराची पहिली कुस्ती अतिरेकी घुसले त्याच दिवशी होती.” हे मात्र वस्तादांना बरोबर ऐकू आलं. कडी घालत ते म्हणाले, “बघ. त्येचीबी हुतीच की.” वस्ताद आता नाहीत, पण वर्षातली ती एक सकाळ आमचा हौदा अजून बंद असतो. आलेले पावणे विचारतात, कोण गेलं? आम्ही सांगतो, “मिणच्याचं पैलवान.”