डायकोनिया म्हणजे वाढप

आमच्या चर्चच्या दारात आपापल्या चपला सापडेपर्यंत एक नवा किस्सा तयार होतो. पण आमच्या सेवा ग्रुपचे किस्से सांगताना आधी हसू येतं आणि मग मान खाली जाते. तरी सांगतेच.

ग्रुप निघाला एका शब्दावरून. बायबलच्या क्लासमध्ये पाळकसाहेब म्हणाले, "आपण ‘सेवा’ म्हणतो ना, त्याला मूळ ग्रीकमध्ये ‘डायकोनिया’ आहे. साधा अर्थ, पंक्तीत वाढणं."

आमचे अध्यक्ष दावीदअण्णा, रिटायर्ड हेडमास्तर. ते उसळलेच. "येवढं ग्रीक शिकून शेवटी वाढपीच व्हायचं व्हय?"

शब्द मात्र सगळ्यांना आवडला. ग्रुपचं नाव ‘डायकोनिया’ ठेवलं, टी-शर्ट छापले! सेक्रेटरी मी.

* * *

पहिलं काम चर्चच्या प्रीतिभोजनाचं. मटणाची बादली धरायला आमच्यात रेटारेटी. तांबड्या रश्श्याचं ओगराळं तर अण्णांनी शेवटपर्यंत सोडलं नाही. अर्ध्या पंगतीला ठसका लागला.

"अहो, पाणी कोण देतंय?" कुणीतरी ओरडलं.

"ते आमच्याकडं न्हाय!" अण्णा म्हणाले.

आम्ही खो खो हसलो. एक म्हातारी उठून नळावर गेली.

* * *

शिरोळला पूर आला. लोकांना एका शाळेत हलवलं होतं. आम्ही घराघरातून भाकरी गोळा केल्या. टेम्पो आला, आणि अख्खा ग्रुप चढून बसला! भाकरीच्या पाट्या खालीच.

"भाकरी मागनं येतील, आधी माणसं जाऊ द्यात!" इति अण्णा.

आम्ही पोचलो आणि मागे रस्ता पाण्याखाली गेला. शाळेत आम्ही रिकाम्या हातांनी उभे. तिथं पुरातून आलेल्या एका बाईनं विचारलं, "पावणं, तुमचं बी घर बुडलं का?" आणि आम्हाला ताटं वाढली.

आम्ही जेवलो! आजही ते आठवलं की तोंड लपवावंसं वाटतं.

* * *

कसबा बावड्याच्या सुलूताईंचं पोटाचं ऑपरेशन झालं. घरात त्या आणि त्यांचे यजमान, दोघंच. आम्ही ढोलकी आणि गाण्याची पुस्तकं घेऊन भेटायला गेलो.

यजमानांना हायसं वाटलं. "बरं झालं आलासा. औषध घिऊन येतो. तेवढं हिला उठू द्यू नका, टाकं तुटतील म्हनलाय डॉक्टर."

सुलूताई आतल्या खोलीत पडलेल्या. आम्ही बाहेर बसून तीन गाणी म्हटली. आत भांडं वाजलं. मी उठणार होते, पण तेवढ्यात प्रार्थना सुरू झाली आणि मी डोळे मिटले.

अण्णांचा आवाज चढला. "प्रभू, आमच्या सुलूताईला उठव! तिला पायावर उभी कर!"

आमेन म्हणून डोळे उघडले, तर सुलूताई समोर उभ्या! एक हात पोटावर दाबलेला, दुसऱ्या हातात चहाचा ट्रे.

"हालेलुया!" अण्णा म्हणाले. "उठली की हो!"

"घ्या की अण्णा," सुलूताई म्हणाल्या. "साखर बराबर हाय न्हवं?"

अण्णांनी एक घोट घेतला. "जरा कमी हाय."