बोक-हीचा मंगळवारचा वर्ग

कोरियातल्या मोक्पो बंदरामागच्या सार्वजनिक हमामखान्यात बोक-ही बायकांची अंगं घासून द्यायची. एकवीस वर्षं झाली होती. गावातल्या निम्म्या बायकांच्या पाठी तिला पाठ होत्या. तिला सगळ्या ‘मावशी’ म्हणायच्या. नवरा वारलेला, मुलगी लग्न होऊन देगूला. घरी गेल्यावर बोलायला टीव्ही.

पाळी थांबली त्या वर्षी अंगातून वाफा उठायला लागल्या. हमामात घाम कुणाला दिसणार! तीही म्हणायची, कामाची गरमी आहे. पण सुट्टीच्या दिवशी, बाहेर बर्फ पडत असताना, ती खिडकी उघडून पंख्यासमोर बसली आणि छातीत धडधड सुरू झाली, तेव्हा घाबरली. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाईंनी हृदय तपासलं. “हृदय ठणठणीत आहे. हे पाळी जाण्याचं आहे. मंगळवारी आमच्या वर्गाला या.”

वर्गात दहाजणी उबदार जमिनीवर गोल करून बसायच्या. डॉक्टरीणबाई गोळ्यांचे फायदे-तोटे सांगायच्या, वैद्य ॲक्युपंक्चरच्या सुया टोचायचे, सो नावाची नर्स श्वासाचे आणि हाडांचे व्यायाम घ्यायची. मग प्रत्येकीनं आपलं सांगायचं. बोक-हीची बोलायची वेळ आली तेव्हा तिला एकच शब्द सुचला. “उकडतं.”

समोरची ग्योंग-आ, सुक्या मासळीची दुकानदारीण, टाळी वाजवून ओरडली, “अगं बाई, ही तर आपली हमामातली मावशी! कपड्यांत ओळखलीच नाही!”

सगळ्या हसल्या. बोक-हीही हसली.

शेवटी जोडीजोडीनं खांदे दाबायचे असत. “मावशी, माझे तुम्हीच दाबा!” “आधी मी!” ती एकेकीमागे गुडघ्यावर बसत गेली. वेळ संपली. पुढच्या मंगळवारी तसंच. त्याच्या पुढच्याही.

चौथ्या वेळी तिनं हात मांडीवर ठेवले. “आज मी नाही. आज माझे कुणीतरी दाबा.”

मग ग्योंग-आ उठली. “मला काही येत नाही हां, मावशी. मासळी दाबल्यासारखं दाबीन.” तिनं भलतीकडेच दाबलं, तेही हळू. बोक-हीनं जागा दाखवली नाही. बोलली तर ते हात उचलले जातील, असं तिला वाटत होतं.

“दुखतंय का हो?”

“नाही. दाब.”

गोळ्या, सुया, रोजचं चालणं, सगळ्याचा मिळून गुण आला. तीन महिन्यांत वाफा जवळजवळ गेल्या, झोप लागू लागली. वर्ग संपला. फोनवर सगळ्याजणींचा गट होता. त्यात नातवंडांचे फोटो यायचे. बोक-ही ते बघायची. तिनं एकदा किमचीच्या लोणच्याचा फोटो टाकला. तिघींनी ‘लाइक’चा अंगठा टाकला. ग्योंग-आ हमामात आली की टेबलावर पालथी पडून बडबड करायची, पण तिथे बोक-ही मावशीच होती, आणि रांगेत पुढची बाई उभी असायची.

नवीन वर्ग सुरू होणार असल्याचं कळताच ती आरोग्य केंद्रात गेली. नर्स सो हिनं विचारलं, “बोक-हीताई, तुम्ही तर बऱ्या झालात ना? अजून उकडतं?”

“हो,” बोक-ही म्हणाली. “फार.”

नर्सनं तिच्या कोरड्या कपाळाकडे पाहिलं, कानापर्यंत गुंडाळलेल्या लोकरी मफलरकडे पाहिलं.

“मग मंगळवारी या,” ती म्हणाली.