धुळीला भिणारी माणसं

‘उतरताना वैमानिकाचा ताबा सुटला.’ दुसऱ्या दिवशी पेपरात एवढंच होतं, आणि शेजारी सत्काराला आलेल्या नेत्याचा दुःखी चेहऱ्याचा फोटो. यासीनला जाऊन सहा आठवडे झाले, तरी ते वाक्य आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते... कारण ते खोटं आहे, आणि खोटं आहे हे सगळ्यांपेक्षा जास्त मला माहीत आहे.

यासीन माझा शाळेपासूनचा दोस्त. गेवराईच्या हायवेला त्याच्या अब्बांचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं गॅरेज. इंजिनात हात घालता घालता हा पोरगा विमानापर्यंत कसा पोचला, ते आम्हालाही कळलं नाही. तो उडवायचा ते विमान लहान, दोन माणसांचं. पुढं दोन चाकं आणि एक बारकं चाक शेपटीखाली. “हवेत लई शहाणं हाय बे हे,” तो सांगायचा. “जमिनीला टेकलं की नाटकं करतंय. मागचं पुढं यायला बघतंय. टेकलं म्हणून हुरळायचं न्हाई, थांबलं की मग हसायचं.” एरवी मात्र हसायला त्याला कशाचीच वाट बघावी लागत नसे.

आपल्या गावचा पोरगा विमान घेऊन गावात उतरणार, म्हणून सत्कार ठरला. सत्कार म्हटलं की आमच्याकडं शाल, फेटा, हार आणि नेता आलाच. मंडपाशेजारच्या पडीक रानात जेसीबीनं पट्टी सपाट केली, परवानगीही मिळाली. संयोजक मी. आदल्या दिवशी यासीन स्वतः येऊन अख्खी पट्टी पायी चालला, टाचेनं ठोकून बघितली. जाताना म्हणाला, “कोरडीच राहू दे. धूळ उडाली तर उडू दे, काय?” मी हो म्हणालो.

सकाळी नेत्याचा माणूस आला. “सर, सायबाचे कपडे पांढरे हायेत. धुरळा बसंल. पाणी मारून घ्या की.” पाहुणा यायच्या आधी पाणी मारायचं, हा आमच्या अंगवळणी पडलेला रिवाज, लग्न असो नाही तर सभा. नाही म्हणायला माझी जीभ रेटली नाही. मीच टँकरवाल्याला हात केला. त्यानं मंडपाच्या बाजूनंच पाणी मारलं. अर्धी पट्टी ओली, अर्धी कोरडी. मला वाटलं, एवढ्यानं काय होतंय...

यासीन सुरेख टेकला. टाळ्या वाजल्या. मग डावं चाक ओल्यात रुतलं, शेपूट गर्रकन फिरली, पंख जमिनीत घुसला आणि विमान उलटलं. हार घेऊन उभा असलेला मी तो हार घेऊनच विमानाकडं पळालो. दवाखान्यात पोचेपर्यंत तो गेला होता. नेत्याचे कपडे तेवढे पांढरेच्या पांढरे राहिले.

चौकशीची माणसं आली. पाणी कुणी मारलं, त्यांनी विचारलं. मी लिहून दिलं, रान मुळातच ओलसर होतं. आमच्या भागात, ऐन उन्हाळ्यात, ओलसर रान! नेत्यावर चिडलो, टँकरवाल्यावर चिडलो, अगदी यासीनवरही चिडलो, की वरून ओल दिसली नाही का रे तुला? सगळ्यांवर चिडून झालं आणि मग मी एकटाच उरलो.

परवा गॅरेजवर गेलो. अब्बा येईल त्याला एकच विचारतात. मलाही विचारलं, “माझ्या पोराचं चुकलं व्हतं का रे?” मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी मारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी हातातला पाना पुसून खाली ठेवला. मग म्हणाले, “मला काहून सांगतो? ज्यांला खोटं लिहून दिलं, त्यांला सांग.”

भिंतीच्या खिळ्याला यासीनचा ऑइलनं माखलेला शर्ट तसाच लटकतोय. अब्बा तो कुणाला धुवू देत नाहीत. त्या शर्टाखाली, यासीनच्याच स्टुलावर बसून मी नवा जबाब लिहिला. पट्टी कोरडी होती, यासीननं कोरडी ठेवायला सांगितली होती, पाणी मी मारायला लावलं. अब्बांनी कागद मागून घेतला, एकेका ओळीखाली काळं बोट फिरवत वाचला आणि माझ्यापुढं ठेवला.

“सही कर.”