हर्षाची घंटा

शालिकराम अंजनगाव सुर्जीजवळच्या एका हायस्कूलमध्ये तीस वर्षं शिपाई होता. शिकवायचं काम मास्तरांचं. पण शाळा सोडू पाहणाऱ्या पोरी धरून ठेवायचं काम, कोणी सांगितलं नसताना, त्यानं अंगावर घेतलं होतं.

गेल्या वर्षी हर्षा सातवीत होती. दरवर्षी दसरा झाला की ती आईबरोबर कापूस वेचायला जायची, ती संक्रांतीपर्यंत शाळेत दिसायची नाही. समजावून झालं, रागावून झालं. शेवटी शालिकरामनं शाळेच्या पितळी घंटेचा हातोडाच तिच्या हातात दिला.

"तू आल्याबिगर शाळा भरत नाई, पोरी."

त्या दिवसापासून हर्षा सगळ्यांच्या आधी हजर. अंगात ताप असला तरी घंटा वाजवूनच घरी जायची.

यंदा माजी विद्यार्थ्यांनी मोठ्या हौसेनं विजेची घंटा बसवून दिली. वेळ लावली की आपोआप वाजते. हेडमास्तर हसत म्हणाले, "शालिकराम, सुटले ना तुमी एकदाचे!" तो मनातून पेटला. पण बोलणार काय? हातोड्यासाठी कोणी भांडतं का?

दसऱ्यानंतर आठ दिवस हर्षा आली नाही, तेव्हा तो थेट वावरात गेला. कमरेला फडकं बांधून ती कापूस वेचत होती.

"शाळेत काहून येत नाई वं?"

तिनं मान वर केली नाही. "शाळा भरते ना, काका?"

"भरते," तो कसाबसा म्हणाला.

"मंग?"