मार्ताच्या पानात बिरडं

नाहूरच्या कुंदाताई वेंगुर्लेकर अंधेरीच्या एका कंपनीतून परदेशी माकूल पाठवतात. माकूल म्हणजे हॉटेलवाल्यांचं स्क्विड. गिरणी कामगाराची ही मुलगी टायपिस्ट म्हणून तिथे लागली आणि बोलता बोलता निर्यात विभागाची प्रमुख झाली. बोलता बोलता हे अगदी शब्दशः, कारण बाईंच्या तोंडाला विश्रांती अशी नसतेच.

अमेरिकेने कर वाढवल्यापासून मात्र ऑफिसात सगळेच चेहरे पाडून बसले होते. नवी बाजारपेठ मिळाली नाही, तर शकू आणि तिच्यासोबत पॅकिंगला बसणाऱ्या बायकांना घरी पाठवावं लागणार होतं. त्यांना कामाला लावलं होतं कुंदाताईंनीच, त्यामुळे बाईंचा जीव टांगणीला लागला होता. अशात स्पेनची व्यापारी मार्ता आली. तिला आधी कुणीतरी असा गंडा घातला होता, की बर्फ वितळल्यावर खोक्यात मासा शोधायची वेळ आली. आता ती नमुने बघायची, गोड हसायची आणि शब्द काही द्यायची नाही.

"गुरुवारी घरी जेवायलाच या," कुंदाताई तिला उत्साहात बोलून गेल्या. "मालवणी मासे काय चीज असते ते दाखवते!"

घरी हे सांगताच सासूबाई, रत्नप्रभाबाई, त्यांच्याकडे बघतच राहिल्या. "अगो, मार्गशीर्षातलो गुरवार तो! घरात घट असतलो."

कुंदाताईंनी कपाळावर हात मारून घेतला. नाताळपासून चिनी नववर्षापर्यंत जगाच्या सुट्ट्या तोंडपाठ, आणि घरचा वार विसरल्या! आता आमंत्रण परत कसं घेणार?

"आई, एक दिवस नाही का चालणार?"

"तुका होया तां कर. देवीक मी सांगतंय."

सासूबाई भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. भांडणात कुंदाताई कुणाला ऐकत नाहीत. परवानगी मिळाली आणि बाईंची पंचाईत झाली. गुरुवारी सकाळी पिशवी घेऊन त्या मासळी बाजाराकडे निघाल्या, आणि सोललेले वाल घेऊन परत आल्या. हात धजावलाच नाही.

दुपारी मार्ताने पानातलं वालाचं बिरडं, पुऱ्या आणि खीर पाहिली. "मासा कुठाय?"

कुंदाताईंनी खरं ते सांगून टाकलं. सांगताना डोळ्यांपुढे शकू होती.

मार्ता पुरी मोडत म्हणाली, "आमच्याकडे ईस्टरच्या आधी लोक मांस सोडतात आणि मासे खातात. मला माल त्याच दिवसांसाठी हवाय." मग बिरड्याचा घास घेऊन म्हणाली, "प्रत्येक बंदरात माल विकणाऱ्यांनी मला उत्तम मासा खाऊ घातलाय. त्या बर्फवाल्यानेसुद्धा! तुम्ही गिऱ्हाइकासाठी घरचा नियम मोडला नाहीत. माझ्या खोक्यात बर्फ कशाला भराल? पहिला कंटेनर कधी निघेल, बोला."

कुंदाताईंनी तिथल्या तिथे फोन लावला. "शकू, कुणीही दुसरीकडे काम शोधायचं नाही! सांग सगळ्यांना!" पलीकडे बायकांचा असा गलका उठला, की तो मार्तालाही ऐकू गेला. कुंदाताईंचे डोळे घळाघळा वाहायला लागले.

"रडतंस कित्या गो?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "तिका आणखी खीर वाढ."